कुलूपवाल्यांच्या घरी दोन जावा

आमचं घर कुलूपवाल्यांचं. या शहरातल्या निम्म्या दारांना आमच्या दुकानातली कुलपं आहेत, आणि उरलेल्या निम्म्या दारांची मंडळी किल्ल्या हरवल्या की आमच्याकडेच धावत येतात. सासरे कुलपं करायचे, मग हे करायला लागले, हे गेल्यावर आमचे चिरंजीव. मी या घरात आले तेव्हा कुलूप म्हणजे दाराला लटकणारं काहीतरी, एवढंच मला माहीत होतं. प्रेमाच्या गप्पा मारणं ह्यांना कधी जमलं नाही. त्याऐवजी माझा हात हातात धरून हे मला तारेने कुलपाच्या आतल्या खिट्ट्या कशा उचलायच्या ते शिकवायचे. मला ते गप्पांपेक्षा आवडायचं.

चिरंजीवांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलांना वाटतं, आई जन्मापासून आईच असते.

गेल्या वर्षी मी जिन्यावरून घसरले. चिरंजीव आणि सूनबाई संध्याकाळी दुकानातून आली तेव्हा मी खालच्या पायरीशी बसलेली होते, दुपारपासून. पाय नुसता मुरगळला होता, पण चिरंजीवांचं तोंड असं उतरलं होतं की डॉक्टरांनी आधी त्यांनाच खुर्ची दिली. तेव्हापासून घरात नवा नियम आला. दोघं दुकानात निघाली की बाहेरून किल्ली फिरवायची. दारातच बसवलेलं कुलूप, आतूनही किल्लीशिवाय उघडत नाही. एक किल्ली समोरच्या केस कापणाऱ्या बाईंकडे ठेवली, अडीअडचणीला. हे सगळं म्हणे माझ्या भल्यासाठी. माझ्या भल्याचं नाव काढलं की मला मिरची झोंबते, पण त्या दिवशी मी हूं की चूं केलं नाही. शहाण्यासारखी मान डोलावली आणि माळ्यावरची मोडकी छत्री खाली काढली.

छत्रीच्या काड्यांसारखी वस्तू नाही. एक टोकाशी जराशी वाकवली, दुसरी कानशीने घासून चपटी केली. पहिल्या दिवशी किल्ली फिरल्याचा आवाज झाला, तशी मी दाराला कान लावून कितीतरी वेळ उभी राहिले. पावलं लांब गेली. मग मी कामाला लागले आणि चहा निवायच्या आत बाहेर आले. तेव्हापासून रोजचाच परिपाठ. समोरच्या बाईंच्या दुकानात बसायचं, दुसऱ्यांचे केस बघून नावं ठेवायची, पुलापर्यंत चक्कर मारायची आणि दोघं यायच्या आत घरात येऊन दार पुन्हा बंद करून ठेवायचं. बाईंच्या पोटात गोष्ट राहते. केस कापणाऱ्यांच्या बाबतीत हे नवलच म्हणायचं.

कुलूप दिवसेंदिवस इतकं अलगद उघडायला लागलं की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. या वयातसुद्धा काय हात आहे, असं वाटायचं.

अशात आमच्याकडे गाढवं आली.

सूनबाई प्राण्यांच्या एका संस्थेत कुलपं बसवायला गेली होती. ती आली तीच ठरवून. वीटभट्टीवरून सोडवून आणलेल्या दोन गाढविणी आहेत, त्यांना कायमचं घर हवं आहे आणि घराशेजारचं आपलं आवार रिकामंच पडलंय, असं तिने जेवताना सांगितलं. त्या आवारात ह्यांच्या वेळचं भंगार लोखंड होतं. ते रिकामं करायचं म्हणून मी कित्येक वर्षं घसा कोरडा केला, तर कोणी हललं नाही. गाढवांसाठी ते दोन दिवसांत साफ झालं.

संस्थेच्या बाई त्यांना घेऊन आल्या तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दोघी कुठल्याही दाराआड टिकत नाहीत. दोन घरांतून परत आल्यात. रस्त्यावर गाडीखाली आल्या तर काय, म्हणून आता ही शेवटची संधी. इथूनही सुटल्या, तर दोघींना दोन वेगळ्या ठिकाणी पाठवायचं, कारण मोठी धाकटीला बिघडवते असं संस्थेतल्या लोकांचं मत पडलंय. बाईंना स्वतःला ते पटलेलं दिसत नव्हतं. मग त्यांनी आवाराच्या लोखंडी दाराकडे बघून चिरंजीवांना विचारलं, की हे टिकेल ना.

चिरंजीव नुसते हसले. कुलूपवाल्याला असलं काही विचारायचं नसतं.

जाताना बाईंनी आणखी एक सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं. गाढव परक्या जागी जमिनीला अंग टेकत नाही. उभ्याउभ्याच डुलकी काढतं. आडवं झालं की समजायचं, त्याला घर पटलं. काही आठवड्यांनी त्या बघायला येणार होत्या, त्या हेच बघणार होत्या.

मोठीच्या एका कानाला खाच होती आणि पाठीवर ओझ्याने घासून घासून गेलेल्या केसांची जागा. धाकटी मोठीने तोंड घातल्याशिवाय गवताला तोंड लावत नसे. दिवसभर एकमेकींच्या शेपटीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, एकमेकींना चावायच्या, आणि एक जरा नजरेआड झाली की दुसरी असा गळा काढायची की गल्ली दणाणायची. मला माझी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंची आठवण झाली. मी त्यांना जावा म्हणायला लागले, मग सगळेच म्हणायला लागले. एक तोटा मात्र झाला. चिरंजीवांना लहानपणापासून मी ज्या नावाने हाक मारत आले, ते आता जावांसमोर घेणं बरं दिसेना.

जावा आल्या आणि चार दिवसांत बाहेर. मोठीने कडी ओठांनी चिमटीत धरावी तशी धरली, मागे सरकवली आणि दार ढकललं. स्वयंपाकघराची खिडकी आवारावर उघडते, मी तिथून डोळ्यांनी बघितलं. चिरंजीवांनी कडीला साखळी आणि आकडा लावला. तो मोठीने दुपारच्या फावल्या वेळात उडवला. दोन्ही वेळा जावा सापडल्या समोरच्या बाईंच्या दुकानाबाहेर, काचेतून आत आरशाकडे बघत. गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी बाहेर येऊन त्यांना बघत उभं होतं. मी कुलपाआड घरातच आहे असा सगळ्यांचा समज असल्यामुळे मला जाऊन त्यांना आणता आलं नाही, दुकानात फोन गेला आणि सूनबाईला पळत यावं लागलं.

मग चिरंजीवांनी कुलूप लावलं. साधंसुधं नव्हे, गोदामांना लावतात ते, तळहातापेक्षा मोठं. दुसऱ्या दिवशी मोठीने दाराच्या खालच्या आडव्या पट्टीखाली मान घातली आणि दार उचललं. आवाराचं दार बिजागऱ्यांच्या खुंट्यांवर नुसतं ठेवलेलं होतं, ते वर उचललं की निघतं. अख्खं दार खाली आडवं, त्याला कुलूप तसंच लागलेलं, आणि जावा आरशासमोर.

संध्याकाळी चिरंजीव पडलेल्या दारापाशी बसले. कुलूप हातात घेऊन उलटसुलट केलं, भोकात फुंकर मारली, कान लावून हलवून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. म्हणाले, कुलपाला ओरखडासुद्धा नाही. सूनबाईने दाराकडे बोट दाखवलं. ते पुन्हा कुलपाकडेच बघायला लागले. आमच्या घराण्याची खोडच ती, दाराला दुसरी बाजू असते हे तीन पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पण या खेपेला कोणीतरी संस्थेत कळवलं होतं. रात्री बाईंचा फोन आला. पुन्हा एकदा जरी रस्त्यावर दिसल्या, तरी मला त्यांना घेऊन जावं लागेल, आणि मग दोघी एकत्र राहणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सूनबाई फोन ठेवून भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

चिरंजीवांनी बिजागऱ्यांवर वेल्डिंगने टोप्या बसवल्या आणि तेच गोदामाचं कुलूप पुन्हा लावलं. आता काही मोठीची डाळ शिजेना. तिने दोन दिवस खटपट केली आणि मग खाणं सोडलं. दाराला कपाळ टेकून उभी राहायची, मधूनच एक लाथ हाणायची. धाकटीही तिच्या शेजारी कपाळ टेकून उभी. दोघी दिवसभर तशाच. मी स्वयंपाकघरातून बघत होते, आणि मला ते बघवेना. दाराला टेकून तसं उभं राहण्यात काय असतं ते मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मी छत्रीच्या काड्या घेऊन बाहेर पडले ती पुलाकडे न जाता आवारापाशी गेले. समोरच्या बाईंना गाजरं देऊन गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. त्या कात्री हातात घेऊनच आल्या, कशासाठी कोणास ठाऊक. गोदामाचं कुलूप आकाराने तेवढं मोठं, आत अगदीच भोळं. मी ते काढलं, दार सताड उघडलं आणि बाजूला झाले.

मोठीने मान बाहेर काढली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नाकपुड्या फेंदारून रस्त्याचा वास घेतला. मग सावकाश मागे वळली, आवाराच्या मध्यावर गेली, पुढचे गुडघे मोडले आणि धुळीत आडवी झाली. लोळली, पाय वर केले, पुन्हा कुशीवर झाली. धाकटीने जरा विचार केला आणि तिच्या पाठीला पाठ लावून तीही आडवी झाली. दार तसंच उघडं होतं. मी पालथ्या बादलीवर बसले आणि मला रडू आलं. बाई कात्री घेऊन उभ्याच होत्या, त्यांनी एक गाजर मलाच दिलं.

त्या दिवसापासून पुलावरची चक्कर बंद झाली. दोघं दुकानात गेली की मी घराचं दार उघडायचे, आवाराचं उघडायचे, आणि बादलीवर बसून जावांची दुपारची झोप राखायचे. संध्याकाळी सगळं पुन्हा जिथल्या तिथे. मोठी खायला लागली, अंगावर चमक आली. एकदा उठून दारापर्यंत यायची, दार उघडं आहे ना ते बघायची आणि परत जायची. बस, तेवढंच.

इकडे चिरंजीवांना आभाळ ठेंगणं झालं. जेवताना कुलपाशिवाय दुसरा विषय नाही. गिऱ्हाइकांना ऐकवायचे, तीनदा सुटलेल्या गाढवाने हात टेकले असं कुलूप आहे. मला म्हणायचे, बघितलंस आई, मजबूत वस्तू लावली की जनावरसुद्धा शांत होतं. मी भाजी वाढायचे. सूनबाई माझ्याकडे बघायची आणि पाण्याचा पेला तोंडाला लावायची.

संस्थेच्या बाईंची खेप ठरली. फुशारलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. चिरंजीवांनी बाईंना दाखवायला म्हणून स्वतःच्या हाताने नवं कुलूप घडवलं, दुकान बंद झाल्यावर मागे बसून, कोणाला न दाखवता. आदल्या संध्याकाळी ते आवाराला लागलं. ठरलं असं, की दोघं सकाळी नेहमीप्रमाणे दुकानात जातील आणि दुपारी बाईंना बरोबर घेऊनच येतील.

सकाळी ती दोघं गेल्यावर मी गेले, काड्या घातल्या, आणि कुलूप ढिम्म. पुन्हा घातल्या. एकेक खिट्टी उचलली, सगळ्या बसल्यासारख्या वाटल्या, आणि फिरवायला जावं तर नाही. मोठी पलीकडे येऊन उभी राहिली. तिची वेळ झाली होती. जरा वाट बघितली, मग कपाळ दाराला टेकलं. मग लाथ. धाकटीने गळा काढला, तो थांबेचना.

मला काय करायला हवं होतं ते मला चांगलं कळत होतं. काड्या खिशात घालायच्या, घरात जाऊन दार लावायचं आणि सोफ्यावर बसायचं. माझं काही बिघडणार नव्हतं. उलट इथे सापडले असते, तर उद्या हेच कुलूप घराच्या दाराला लागणार, आणि मग माझं आभाळ म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. पण बाई येणार, लाथा मारणारी मोठी बघणार, आणि जावांची ताटातूट करणार. बादलीवर बसून मी जे राखलं ते मलाच घालवायचं नव्हतं. भीती वाटत होती, ती वाटू दिली आणि तिथेच गुडघे टेकले.

सासऱ्यांची एक खोड होती, हे सांगायचे. चोराला फसवायला एक खिट्टी खोटी ठेवायची. ती बसल्यासारखी वाटते, पण तिला हात लावला की कुलूप उघडत नाही. तिला सोडून द्यायचं. हे माझा हात धरून म्हणायचे, जी फार पटकन ऐकते ना, ती खोटी. मी डोळे मिटले आणि पुन्हा एकेक खिट्टी चाचपली. तिसरी फार पटकन ऐकत होती. म्हणजे चिरंजीवांनी आजोबांची खोड बापाकडून नीट उचलली होती, आणि त्या अवघडलेल्या वेळीसुद्धा मला मुलाचा अभिमान वाटला. तिसरीला सोडली, बाकीच्या उचलल्या, काडी फिरवली.

कुलूप उघडलं आणि गल्लीत गाडी वळली.

गाडीतून तिघं उतरली. मी उठू शकले नाही, गुडघे धरले होते. चिरंजीवांनी आधी आवाराचं उघडं दार बघितलं, मग माझ्या हातातल्या छत्रीच्या काड्या, मग शेजारचं सताड उघडं असलेलं घराचं दार. बाई मोठीकडे धावणार होत्या, मी हाताने थांबवलं. मोठी दारापर्यंत आली. मान बाहेर काढून एकेकाला बघून घेतलं. मग वळली, आपल्या जागी गेली आणि गुडघे मोडून धुळीत आडवी झाली. धाकटी पाठोपाठ. थोड्याच वेळात धाकटीचं घोरणंसुद्धा ऐकू आलं.

"हिला आडवी झालेली मी पहिल्यांदाच बघतेय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. दार बंद असलं की मोठी ते उघडण्यात दिवस घालवते आणि उघडं असलं की तिला बाहेर काही काम नसतं, हे सांगितलं. तिला जायचं नाहीये, जाता येतं एवढं तिला माहीत असायला हवं आहे, असंही म्हटलं. बाईंनी झोपलेल्या जावांकडे बघितलं. मग त्यांनी चिरंजीवांना एवढंच सांगितलं, की दाराला आतून मोठीच्या ओठांना लागेल अशी साधी कडी बसवा, आणि या दोघी आता तुमच्याच. ज्या माणसाने आयुष्यभर कुलपं केली, त्याला कुलूप काढायला सांगणं सोपं नव्हतं, पण चिरंजीवांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आई, कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

चिरंजीवांनी खाली वाकून आपलं कुलूप उचललं आणि हातात फिरवत राहिले. मग त्यांच्यातला कुलूपवाला गप्प बसेना. याला किती वेळ लागला, असं त्यांनी विचारलं. अख्खी सकाळ, मी म्हटलं, आणि हे खरंच होतं. त्यांचा चेहरा जरा निवळला. घराच्या दाराचं काय, असं मात्र त्यांनी विचारलं नाही. ते सूनबाईने सांगितलं.

"घराच्या कुलपात मीच तेल घालत होते," ती म्हणाली. "छत्रीच्या काड्या गेलेल्या दिसल्या, तेव्हापासून. बाहेर जाऊन यायच्या त्या दिवशी आई पोटभर जेवायच्या."

म्हणजे माझ्या हाताची करामत ती एवढीच. मला राग यायला हवा होता, पण मी सूनबाईचा हात धरून उठले आणि सोडला नाही. चिरंजीव कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तू त्या पायरीशी एकटी बसली होतीस," ते म्हणाले. "मी तिकडे दुकानात गिऱ्हाइकांशी हसत होतो. मला पुन्हा तसं नको होतं."

"पुन्हा पडेनही कदाचित," मी म्हटलं. "पण दार उघडं असेल तर माझी हाक कोणाला तरी ऐकू जाईल. आणि त्याला आत येता येईल."

त्यांनी डोळे पुसले. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला, बाईंनी दोन कप घेतले. संध्याकाळी चिरंजीव आवाराच्या दाराशी साधी कडी बसवत बसले. मोठी मागून त्यांच्या खिशात तोंड घालून काय सापडतंय ते बघत होती. मी त्यांना मारत आले त्याच ठेवणीतल्या नावाने त्यांनी तिला हाक मारली, आणि तिला ते शोभूनच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. मी चहाचा कप घेऊन दाराआड उभी राहिले, सवयीने कान लावून. दार लोटल्याचा आवाज आला. मग पावलं. ती जरा घुटमळली, आणि मला वाटलं आता किल्ली फिरणार. ती फिरली नाही. पावलं पायऱ्या उतरून लांब गेली.

मी चहा संपवला. दार उघडलं आणि मान बाहेर काढली. डावीकडे आवारात जावा पाठीला पाठ लावून झोपल्या होत्या. समोरच्या दुकानातून बाईंनी कात्री हलवून मला बोलावलं. पूल लांबवर दिसत होता, उन्हं छान पडली होती.

मी त्यांना हात केला, दार लोटलं, आत जाऊन सोफ्यावर आडवी झाले आणि दुपार होईपर्यंत गाढ झोपले.